आमची वाटचाल : आवाज वेगळा, चित्र वेगळे

टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि जीएसटी शिकवणाऱ्या चित्रफिती तयार करण्याचे काम आम्ही सांगलीत करतो. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि जीएसटीचे ३बी विवरणपत्र कसे भरायचे, हे दुकानादुकानांतील हिशेबनिसांना कोणीतरी प्रत्यक्ष दाखवण्याची गरज निर्माण झाली. आमचा व्यवसाय त्या गरजेतूनच उभा राहिला. गावभागातील एक ज्येष्ठ करसल्लागार आमचे पहिले ग्राहक. माउसचा बाण पडद्यावर सैरावैरा धावता कामा नये, एवढीच त्यांची अट होती, कारण त्यांच्याकडील कारकून तो शोधण्यातच दमून जात. तेव्हापासून आम्ही कॅमटेशिया या स्क्रीन रेकॉर्ड करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बाणाभोवती पिवळे वर्तुळ ठेवतो, दाबलेली कळ कोपऱ्यात दाखवतो आणि जिथे आकडा भरायचा तेवढाच भाग मोठा करतो.

घरी सराव करणारा विद्यार्थी बहुधा टॅलीचा एज्युकेशनल मोड, म्हणजे परवान्याशिवाय शिकण्यासाठी चालणारा प्रकार, वापरतो. त्यात महिन्यातील मोजक्याच तारखा चालत असल्याने आमच्या सराव-कंपनीतील, म्हणजे सरावासाठी टॅलीत उभारलेल्या काल्पनिक कंपनीतील, सर्व व्हाउचर (व्यवहारांच्या नोंदी) १ किंवा २ तारखेचीच असतात. आजही १५ तारखेची नोंद दाखवून विद्यार्थ्याला घरी अडकवून ठेवणारे शिक्षक पाहिले, की आश्चर्य वाटते.

या सराव-कंपनीमुळेच चोरी पकडली गेली. एका मोठ्या संगणक-प्रशिक्षण संस्थेने आमच्या चित्रफितींवर दुसरा आवाज चढवला, आमचे नाव असलेला कोपरा कापला आणि त्या निम्म्या किमतीला विकायला काढल्या. नावासोबत त्याच कोपऱ्यातील कळाही कापल्या गेल्या, त्यामुळे त्यांच्या विद्यार्थ्यांना कोणती कळ दाबली हे दिसेनासे झाले, याचे त्यांना काहीच वाटले नाही. रोख खात्याची आरंभीची शिल्लक मात्र आमचीच, ४३,२१७ रुपये, आणि पुरवठादारांची खातीही त्याच क्रमाने. जाब विचारायला गेलो तेव्हा, "स्क्रीन टॅलीची आहे, तुमची कशी?" असे ऐकून परतावे लागले. नोटिशीला उत्तर आले नाही. एकामागून एक क्लासचालक तिकडे वळले आणि पगार पुढे ढकलण्याची वेळ आली.

नोव्हेंबर २०२० मध्ये टॅलीची नवी आवृत्ती, टॅलीप्राइम, आली आणि आधीच्या ईआरपी ९ आवृत्तीवरच्या सगळ्यांच्याच चित्रफिती जुन्या झाल्या. अकाउंट्स इन्फो या मेनूचा रस्ता गेला, लेजर (खाते) थेट क्रिएटमधून उघडू लागले, ऑल्ट-जी दाबून कुठूनही हव्या त्या अहवालात जाता येऊ लागले. आम्ही आवाज आणि चित्र पहिल्यापासून वेगवेगळे जपले होते आणि संहिताही पायरीगणिक तोडून ठेवली होती, म्हणून स्क्रीन नव्याने रेकॉर्ड करून बदललेली तेवढीच वाक्ये पुन्हा बोलावी लागली. त्या संस्थेकडे होत्या फक्त तयार, कापलेल्या फिती. त्यात दुरुस्त करणार काय? त्या काळात आमच्या करसल्लागारांनी पुढच्या वर्षाची रक्कम न मागता आगाऊ दिली, हे येथे नमूद केलेच पाहिजे.

या कामात नव्याने येणाऱ्यांनी ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाचा ट्रॅक स्वतंत्र ठेवावा आणि रेकॉर्डिंग एमकेव्ही या फाईल-प्रकारात करावे. मध्येच वीज गेली तर एमपी४ फाईल बहुधा उघडत नाही, एमकेव्ही शाबूत राहते. व्हॉट्सॲपच्या सूचना आधी बंद कराव्यात, खऱ्या व्यापाऱ्याचा जीएसटी क्रमांक पडद्यावर कधीही येऊ देऊ नये. तयार झालेली फीत संगणकावर पाहून समाधान मानू नये, ती मोबाईलवर तपासावी. आमचे करसल्लागार आजही तशीच तपासतात आणि आकडा वाचता आला नाही तर परत पाठवतात.