चार अब्जांची संख्या हाताने फोडताना

४,२९,४९,६७,२९७. म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. २ च्या १, २, ४, ८, १६ व्या घातात १ मिळवून येणाऱ्या ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या साखळीतली ही पुढची कडी. आधीच्या पाचही मूळ संख्या, तेव्हा पुढच्याही सगळ्या मूळच असणार, असं फर्मा या फ्रेंच गणितीने १६४० मध्ये मांडलं होतं. १७३२ मध्ये गणिती ऑयलरने या संख्येचा भाजक काढून दाखवला. संगणकाला हे काम क्षणाचंही नाही. पण ऑयलरकडे कागदच होता, म्हणून मीही वही घेऊन बसलो.

सरळ वाटेने जायचं तर वर्गमूळापर्यंतची, म्हणजे ६५,५३६ पर्यंतची प्रत्येक मूळ संख्या लावून पाहायची. अशा ६,५४२ आहेत. इथे कुणीही वही मिटेल. ऑयलरची खरी कमाल याच्या पुढे आहे. समजा मूळ संख्या प ने आपल्या संख्येला नि:शेष भाग जातो. मग २ च्या ३२ व्या घाताला प ने भागल्यावर बाकी उणे १, आणि ६४ व्या घाताला १. त्याआधी १ येतच नाही. फर्माचाच छोटा सिद्धांत सांगतो की २ च्या (प वजा १) व्या घातालाही प ने भागल्यावर बाकी १ च येते; म्हणून प वजा १ ला ६४ ने भाग गेलाच पाहिजे. ज्याचा अंदाज खोटा ठरवायचा, त्याचंच हत्यार! हे कागदावर उतरलं तेव्हा मी काही वेळ पुढे गेलोच नाही, इतकं ते सुंदर आहे.

आता ६४ च्या पाढ्यात १ मिळवत जायचं आणि त्यातल्या मूळ संख्या तेवढ्या ठेवायच्या: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पहिल्या चारांना बाकी उरते. मग ६४१. ४२९४ मधून सहा वेळा, उरले ४४८. ९ खाली, ४४८९. सात वेळा, उरले २. मग दोन शून्यं, ४, १, आणि पुन्हा उरले ४४८. या वेळी खाली आला ७. ४४८७ म्हणजे नेमके ६४१ सत्ते. बाकी शून्य.

भागाकार ६७,००,४१७. हा तरी मूळ आहे का? इथे लुकास या गणितीने पुढे केलेली सुधारणा कामी आली: ६४ ऐवजी १२८ चा पाढा घ्या. वर्गमूळ २,५८८ च्या आसपास, आणि ६४१ पासून तिथपर्यंत तपासायला उरतात फक्त ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४, ६२२. म्हणजे मूळ.

साखळीतली पुढची संख्या वीस अंकी. तिथे पाढा २५६ चा, आणि सर्वांत लहान भाजक २,७४,१७७, म्हणजे पाढ्यातली १,०७१ वी पायरी. तो क्लाउसेन या गणितीने १८५५ मध्ये आणि लॅन्ड्रीने १८८० मध्ये शोधला, तेव्हाही संगणक नव्हता. माझी वही सध्या त्याच पाढ्यावर आहे.