कामोर्ता १:२०० : चौसष्ट नळ्या आणि राहून गेलेला तिसरा पंखा

मागच्या वेळी या मॉडेलचा तळ प्रायमरपर्यंत आला होता. त्यानंतर चार महिने झाले, आणि त्यातला दीड महिना केलेलं काम मोडण्यात गेला.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. ही १९७१ च्या भारत-पाक युद्धातली आय.एन.एस. कामोर्ता, सोव्हिएत बनावटीची पेट्या वर्गातली पाणबुडीविरोधी नौका. त्या युद्धात तिचे कप्तान होते मनोहर प्रल्हाद आवटी. खरी नौका साधारण ८२ मीटर, म्हणजे १:२०० ला ४१ सेंटिमीटर. मला किट मिळालं नाही, म्हणून सगळं स्टायरीन, म्हणजे प्लास्टिकच्या शीटमधून कापतोय. फ्रेम दीड मिलिमीटरच्या, वरची कातडी अर्ध्याची.

आधी पंख्यांचं, म्हणजे नौका ढकलणाऱ्या प्रोपेलरचं, सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी विचारणारच. मी दोन बसवले होते. आजवर केलेल्या बहुतेक युद्धनौकांना दोनच होते, त्यामुळे हात सवयीने तसा गेला. पुट्टी झाली, घासून झालं, प्रायमर झाला, आणि मग एका रात्री या वर्गाच्या इंजिनांबद्दल वाचत बसलो. पेट्याला पंखे फिरवणारे दांडे तीन! मधल्यावर डिझेल, बाजूच्या दोहोंवर गॅस टर्बाइन. गस्त घालायची, पाणबुडीचा कानोसा घेत सावकाश फिरायचं, तर डिझेल. जोरात धाव घ्यायची वेळ आली की टर्बाइन. नौकेचा सगळा स्वभाव ज्यातून कळतो तीच गोष्ट मी गाळली होती. मागचा तळ करवतीने कापला, नवा केला, पितळी पत्र्यातून तिसरा पंखा काढला. उजेडात धरलं तर सांधा अजून दिसतो. लाल रंगाखाली जाईल.

आता नळ्या. पाणबुडीवर रॉकेट फेकणारे आर.बी.यू.-२५०० जातीचे चार लाँचर, प्रत्येकाला सोळा नळ्या, एकूण चौसष्ट. रॉकेटची जाडी २१२ मिलिमीटर, आपल्या मापात जेमतेम एक. इंजेक्शनच्या सुया आणल्या, पण कापताना तोंड चेपतं. शेवटी जुन्या टेलिफोन वायरीतली तांब्याची तार ओढून काढली आणि वरचं प्लास्टिक वापरलं. आयती पोकळ नळी, जाडीही बरोबर. पट्टीला खिळा ठोकून आडण केली, म्हणजे प्रत्येक तुकडा आठ मिलिमीटरचाच निघतो. ऐंशी कापले, चौसष्ट निवडले. फेविक्विक टाचणीच्या टोकाने लावा, थेट बाटलीतून सोडलं तर नळीचं तोंड बुजतं. सुया वाया गेल्या नाहीत. ७६ मिलिमीटर तोफांच्या चार नळ्या त्यांच्याच केल्या.

या लाँचरवर इतका वेळ घालवायला कारण आहे. डिसेंबर १९७१ मध्ये बंगालच्या उपसागरात विमानवाहू विक्रांतच्या संरक्षणाला ज्या मोजक्या नौका होत्या, त्यांत कामोर्ता होती. विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेलेला, त्यामुळे वेग कमी, म्हणजे पाणबुडीसाठी सोपं सावज. पाकिस्तानची गाझी पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली तरी खात्री होईपर्यंत धोका धरूनच चालावं लागत होतं. वर चितगाव आणि कॉक्स बझारच्या वाटेवर सुरुंग. पूर्व पाकिस्तानची समुद्राकडून कोंडी झाली ती अशा पाण्यात. त्या कामगिरीसाठी आवटींना वीरचक्र मिळालं. लोक मॉडेल बघायला आले की आधी तोफांकडे बोट दाखवतात. मी त्यांना नळ्या मोजायला लावतो.

रंगाचं मात्र हसं झालं. नेरूळचा जुलै, हवेत पाणीच पाणी, आणि मी गॅलरीत एअरब्रश घेऊन. राखाडी रंगावर ताकासारखी पांढरी साय धरली. आई म्हणाली, "अरे, पापड वाळत नाहीत या दिवसांत, आणि तू बोट वाळवतोयस." रंग खरवडून काढला. गणपतीनंतर पुन्हा मारला, दोन पातळ हात, आता ठीक आहे.

रंग अडला होता त्या दिवसांत संध्याकाळी करावेच्या बाजूला फिरायला जायचो. तिथे टी.एस. चाणक्य आहे, डफरिन या प्रशिक्षण जहाजाची परंपरा चालवणारी संस्था. आवटी १९४५ मध्ये त्याच डफरिनवरून शिकून बाहेर पडले आणि नौदलात गेले. तिथून परतताना एक गोष्ट खटकायला लागली. मी जे बनवतोय ते त्यांच्या आयुष्यातले जेमतेम दोन आठवडे. १९८३ साली ते पश्चिम नौदल कमांडचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले, फलटणजवळ विंचुर्णीला जाऊन राहिले, आणि ऐंशीच्या घरात असताना एका भारतीयाने शिडाच्या नौकेतून एकट्याने जगप्रदक्षिणा करावी म्हणून नौदलाच्या मागे लागले. गोव्यात त्यासाठी म्हादेई ही नौका बांधली गेली. ऑगस्ट २००९ मध्ये नौदल अधिकारी दिलीप दोंदे तिच्यातून मुंबईहून निघाले, चार बंदरं करून मे २०१० मध्ये परत आले. पुढे अभिलाष टॉमी कुठेही न थांबता फिरून आले. मे २०१८ मध्ये तारिणी या शिडाच्या नौकेवरच्या नौदलातल्या सहा जणी जगप्रदक्षिणा करून परतल्या, तेही आवटींनी पाहिलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते गेले.

म्हणून मॉडेल ठेवायचा पाट बदलला. नवा ६० सेंटिमीटरचा, कामोर्ताशेजारी म्हादेई, त्याच मापात. ५६ फुटांची नौका १:२०० ला साडेआठ सेंटिमीटर भरते, माझ्या मधल्या बोटापेक्षा किंचित मोठी. एका मित्राचं म्हणणं, ती १:१०० ला कर, नाहीतर कुणाला दिसणार नाही. पटत नाही. एका पाटावर दोन मापं मला बघवत नाहीत. नावाच्या पट्टीला वीरचक्राच्या फितीचे रंग देणार आहे, अर्धा गडद निळा, अर्धा भगवा.

म्हादेईचा तळ आइस्क्रीमच्या काड्यांतून कोरतोय, खऱ्या नौकेच्या फायबरग्लासच्या आतही लाकूडच आहे. डोलकाठीच्या तारांसाठी धागा जाड पडतो. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर, दोनशेने गुणलं की चौदा, अशा नौकेच्या तारेला शोभेल इतका. मुलीने तीन केस दिलेत. मला नऊ लागतील, आणि पुढच्या प्रत्येकाचा दर तिने ठरवून ठेवलाय.