नऊ नंबरची उजवी बाजू

केस होऊन दीड महिना झाला, पेशंट, म्हणजे काकी, टाके काढून घरी पण गेल्या, तरी रात्री दिवा मालवला की मला तो बारीक लाल दोराच दिसतो, म्हणून शेवटी लिहायला बसले.

मी न्यूरोसर्जन, गोव्यात. हॉस्पिटलचं नाव राहू दे. लोकांना वाटतं आम्ही रोज उठून मेंदूतले ट्यूमर काढतो, प्रत्यक्षात बऱ्याचशा रात्री जातात स्कूटरवरून पडलेल्यांत. हेल्मेट कोपराला अडकवून फिरणारी आपलीच माणसं, आणि पहाटे तीनला भाड्याच्या गाडीवरून बीचवरून परतणारे पर्यटक. त्यातून वेळ उरला तर ट्यूमर, आणि त्यातूनही उरला तर रिसर्च. शिवाय राउंडला गेलं की "सिस्टर, डॉक्टर कधी येतले?" हे ऐकायचं. आता मी सांगते, येतील हां इतक्यात.

माझा रिसर्च म्हणजे कवटीच्या तळाशी ज्या रक्तवाहिन्या आहेत त्यांची मोजमापं, देहदानातून मिळालेल्या डोक्यांवर. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन कॅरोटिड आणि दोन व्हर्टिब्रल धमन्या, रक्त परत आणणाऱ्या दोन जुग्युलर शिरा, अशा सहा नळ्या बांधायच्या आणि कोमट पाण्याने धुवत बसायचं, गुठळ्या निघून पाणी स्वच्छ येईपर्यंत, कधी कधी यातच दोन दिवस जातात. मग शिरांत निळं सिलिकॉन, धमन्यांत लाल. कॅटॅलिस्ट जास्त पडला तर सिरिंजमध्येच दगड, कमी पडला तर आठ दिवसांनीही कापताना रंग ओघळतो. आणि अंगठा जरा जास्त दाबला गेला तर एखादी बारीक धमनी फुटून रंग बाहेर येतो आणि खऱ्या धमनीच्या शेजारी तसाच लाल दोरा होऊन बसतो. हे काम मी कुणाच्या हाती देत नाही. अमेरिकेत र्‍होटननी आयुष्यभर अशीच रंगीत डोकी उघडून आमच्या पिढ्या शिकवल्या, आमच्या ट्रेमधल्या हत्यारांनाही त्यांचंच नाव आहे, पण त्यांच्याकडे बहुतेक मे महिन्यात ऐन वेळी लाइट जात नसावी.

तर नऊ नंबरचं डोकं, उजवी बाजू. तिथे कॅरोटिडच्या मागून अँटिरिअर कोरॉइडल धमनी निघते, जेमतेम एक मिलीमीटर जाड. सहसा एक असते. इथे दोन लाल दोरे दिसले. माझा रेसिडेंट म्हणाला, मॅडम दोन आहेत. मी म्हटलं, अरे रंग गळलाय. तो म्हणाला, गळलेल्या रंगाची कड एवढी स्वच्छ नसते. मी त्याला गप्प केलं, वरिष्ठ असण्याचा तेवढा एकच काय तो फायदा. रजिस्टरमध्ये माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'रंग गळाला, मोजमापात धरू नये.' कधी कधी एकाच्या जागी दोन निघतात हे पुस्तकात छापलेलं आहे, मी परीक्षेत लिहिलंय पण. पण टेबलात एक ओळ विचित्र आली की सगळं सरासरीचं गणित बिघडतं ना.

काकी दोडामार्गच्या पलीकडच्या. त्या पट्ट्यातले पेशंट सिंधुदुर्गातले असले तरी इकडेच येतात, जवळ पडतं. ओसरीवर बसून अबोलीचे वळेसार, म्हणजे गजरे, विणायच्या. वर्षभर उजव्या डोळ्याने कमी दिसत होतं, मोतीबिंदू म्हणून ऑपरेशनही होऊन गेलेलं, फरक शून्य. ज्यांनी केलं त्यांनी नंतर नुसता चष्म्याचा नंबर बदलून दिला, चिडचिड होते माझी. दृष्टीच्या नसेवर दाब आला की आधी रंग फिके पडतात, लाल सगळ्यात आधी. आम्ही डोळ्यात घालायच्या औषधाच्या बाटलीचं लाल झाकण एकेका डोळ्यासमोर धरून बघतो, दहा सेकंदांचं काम. मी खिशातून झाकण काढलं तर काकीच म्हणाल्या, "बाय, ता माका म्हायत हा. ह्यो डोळो झाकलो की अबोली अबोलीसारखी, आणि दुसरो झाकलो की पांढरी." निदान बाईने ओसरीवरच केलेलं होतं, कुणी विचारलं नाही एवढंच.

एमआरआयमध्ये उजव्या क्लिनॉइडवर, म्हणजे दृष्टीच्या नसेशेजारच्या हाडाच्या टोकावर, मेनिंजिओमा, मेंदूच्या आवरणातून उगवलेली गाठ, कॅरोटिडला कवेत घेऊन बसलेला. कॅन्सर नव्हे, पण जागा वाईट. न्यूरोसर्जन अल्-मेफ्तींनी १९९० मध्ये या गाठींचे तीन प्रकार पाडले. त्यात पहिला प्रकार सर्जनला नको असतो, कारण कॅरोटिड आत शिरते तिथले पहिले एक-दोन मिलीमीटर तिच्यावर अ‍ॅरॅक्नॉइडचं पातळ आवरण नसतं, आणि गाठ नेमकी तिथून उगवली तर ती सरळ धमनीच्या भिंतीलाच चिकटते. आवरण असेल तर फणसाचा गरा सुटावा तशी गाठ सुटते. नसेल तर चीक.

आधी हाडाचं काम. डायमंड बरने, म्हणजे ड्रिलच्या हिरा लावलेल्या टोकाने, क्लिनॉइड घासायचा, वरून सतत पाणी, कारण बर तापला तर नस भाजते. मग नसेवरची दोरीसारखी कड कापली आणि नस मोकळी झाली. पांढरी सोडून पिवळट, चपटी झालेली. मग कुसाने, म्हणजे गाठ फोडून ओढून घेणाऱ्या अल्ट्रासाउंडच्या यंत्राने, ती आतून पोखरायची, कवच आत ओढायचं, कापसाची पॅटी ठेवायची, परत पोखरायचं. चार तास यातच. दृष्टीची नस सुटली, पुढची बाजू सुटली, कॅरोटिडचा बराच भाग सुटला, आणि मूड असा की आज सगळं निघणार.

तेव्हा कॅरोटिडच्या मागे गाठीत शिरणारा एक बारीक लाल दोरा दिसला. अँटिरिअर कोरॉइडल मी आधीच ओळखून बाजूला केलेली होती, म्हणजे हा गाठीला रक्त पुरवणारा फीडर. फीडर जाळायचा आणि कापायचा. हातापायाच्या हालचालीवर लक्ष ठेवणारं एमईपीचं मशीन आमच्याकडे आहे, म्हणजे खोका आहे. त्याच्या सुया संपून किती महिने झाले, फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गुळमुळत फिरतेय. बायपोलरची, म्हणजे जाळायच्या चिमट्याची, दोन टोकं दोऱ्याच्या दोन्ही बाजूंना होती, पाय पेडलवर होता.

आणि सकर, रक्त ओढून घेणारी नळी, चोक झाला.

बस, एवढंच. मला काही आतून जाणवलं वगैरे नाही. स्क्रब सिस्टरने सकर घेतला, पाण्याने साफ करायला तिला अर्धं मिनिट लागलं, हात रिकामा म्हणून मी मायक्रोस्कोपचा कोन जरासा बदलला आणि नुसती बघत बसले. फीडर बहुतेक वेडेवाकडे, पिळलेले असतात. हा सरळ होता, कुठेतरी जायचं असल्यासारखा.

आयसीजी दिलं. शिरेतून हिरवा रंग सोडला की मायक्रोस्कोपच्या इन्फ्रारेड कॅमेऱ्यात वाहत्या धमन्या उजळतात. दोरा कॅरोटिडसोबत उजळला, पण गाठीत शिरल्यावर पुढे काय ते दिसेना, कॅमेरा फक्त वरचं बघतो. मग उरला एकच मार्ग, त्याच्या मागे मागे जायचं. साधारण एक सेंटिमीटर अंतराला चाळीस मिनिटं लागली, भूल देणारे सर दोनदा खोकले. दोरा गाठीच्या दुसऱ्या बाजूने बाहेर पडून मेंदूत गेला. दुसरी कोरॉइडल. गाठीचा आणि तिचा काही संबंध नव्हता, गाठ तिच्या वाटेत येऊन बसली होती.

ही धमनी बंद पडली तर विरुद्ध बाजूचे हातपाय जातात, अर्धी नजर जाते. किंवा काहीच होत नाही! १९५२ साली अमेरिकेत अर्विंग कूपरच्या हातून पार्किन्सनच्या ऑपरेशनमध्ये हीच धमनी चुकून फाटली, बांधावी लागली, आणि पेशंट उठला तो कंप थांबलेला, पॅरालिसिस नाही. मग त्यांनी इतरांत मुद्दाम बांधली आणि त्यात काहींचं वाईट झालं. कुणाला आजूबाजूने रक्त मिळतं, कुणाला नाही. म्हणजे मी जाळली असती तर काय झालं असतं हे मला कधीच कळणार नाही, आणि कदाचित म्हणूनच डोकं यातून निघत नाही.

शेवटी कॅरोटिडवर गाठीची एक पातळ पट्टी राहिली, पहिला प्रकारच निघाला. ओढून बघितली, भिंतच उचलली जायला लागली, सोडून दिली. बाहेर मुलाने पहिला प्रश्न तोच विचारला, "सगळा काढलात मां?" आपल्याकडे नातेवाइकांना ऑपरेशनचं हे एकच माप माहीत असतं. मी म्हटलं, थोडी ठेवलीय, मुद्दाम ठेवलीय, दर वर्षी एमआरआय करू. त्याचा चेहरा पडला. आईचे दोन्ही हात हलतायत हे त्याने बघितलं, पण ते तर आधीही हलत होते.

संध्याकाळी चहा पिताना रेसिडेंट म्हणाला, "मॅडम, नऊ नंबरला असंच होतं." टोमणा नव्हता, पोरगा साधा आहे, म्हणून जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी अ‍ॅनाटॉमीत गेले. नऊ नंबरचे अंत्यसंस्कार होऊन गेले होते, रीतसर, नोंद आहे. उजव्या बाजूचा फोटो एकच, त्यात रिट्रॅक्टरची सावली नेमकी त्या जागेवर. झूम केलं की लाल ठिपके दिसतात फक्त.

परवा काकी आल्या. केळीच्या पानात गुंडाळून वळेसार आणला होता, ओपीडीत सगळ्यांसमोर माझ्या केसांत माळला. डावा डोळा हाताने झाकून लांब धरून बघितलेला होता म्हणे आधी. "फिकी दिसतत अजून. पण पांढरी नाय."

पेपर पाठवायची तारीख जवळ आलीय. रेसिडेंट रोज विचारतो, एकूण बाजू किती धरायच्या, नऊ उजवी धरून की सोडून. रजिस्टरमधलं माझं वाक्य मी पेनने खोडलंय. त्याच्या जागी काय लिहायचं ते ठरत नाही.