मुठीतला खडू

नववीत मी बॉक्सिंगला नाव दिलं ते शेवटचे दोन तास बुडतात म्हणून. सरावाची जागा म्हणजे प्रयोगशाळेमागची पत्र्याची शेड आणि तिथे टांगलेलं चिंध्या भरलेलं पोतं.

पहिल्या लढतीत दोन मिनिटांचा पहिला राउंड संपेपर्यंत मीच संपलो होतो. मार फारसा बसला नव्हता. पण दात आवळलेले, खांदे कानाला टेकलेले, श्वास कोंडलेला. ग्लोव्हज 10 औंसांचे, म्हणजे पाव किलोहून जरासे जास्त. दुसऱ्या राउंडला ते भरलेल्या बादल्यांसारखे लागायला लागले. समोरचा मुलगा किडकिडीत, पण त्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, दिसायच्या आत नाकावर.

“अरे, सैल सोड!” सर कोपऱ्यातून ओरडत होते. त्याने मी आणखीच ताठ. सैल सोड म्हटल्याने कुणी सैल सुटतं का?

सरांनाही ते कळलं असावं. सोमवारी त्यांनी माझ्या दोन्ही मुठींत एकेक खडू ठेवला. “दोन मिनिटं हवेत ठोसे मार. खडू मोडायचा नाही, पाडायचाही नाही.” मिनिटभरात उजव्या मुठीत भुगा. मग त्यांनी माझा दंड चाचपत सांगितलं, मागचा स्नायू हात सरळ करतो, पुढचा वाकवतो. दोन्ही आवळलेस तर ब्रेक दाबून सायकल हाणतोयस. जोर टाचेतून, कमरेतून वर येतो, आखडलेला खांदा तो मधेच अडवतो.

सैल म्हणजे लुळं नव्हे, हे पोत्यावर मनगट मुरगळल्यावर कळलं. मूठ आवळायची ती ठोसा लागताक्षणी, फुस्सकन श्वास सोडत. लगेच पुन्हा मोकळी.

पावसात शेड गळायला लागली की सर आफ्रिकेतल्या किन्शासातली 1974ची जॉर्ज फोरमन आणि मुहम्मद अली यांची लढत सांगत. फोरमन 25 वर्षांचा, जीव खाऊन ठोसे हाणतोय; अली 32चा, दोरांना रेलून ते झेलतोय. आठव्या राउंडला फोरमन पार दमलेला, आणि अलीने त्याला आडवा केला. ते रेलणं सर खांबाला पाठ लावून करून दाखवत, तेव्हा पत्रे थरथरायचे.

पुढच्या वर्षी त्याच किडकिडीत मुलाशी गाठ पडली. पुन्हा हरलो, पण तिन्ही राउंड हात वर होते, आणि या वेळी त्याचंही नाक लाल झालं होतं.

नववी ‘ब’चे खडू जातात कुठे, असं गणिताच्या बाई वर्षभर विचारत होत्या. बाई, ते मी नेत होतो.