वागळे इस्टेटचा लेथ संग्रहात आणताना

वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत, १९६२ची. तिथल्या बंद पडलेल्या गाळ्यांतली यंत्रं बहुतेक वेळा किलोच्या भावाने भंगारात जातात. त्यातलाच एक सहा फुटी लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून कातायचं यंत्र, आम्ही ठाण्याच्या औद्योगिक वारशाच्या संग्रहासाठी आणला.

आधी कागद. मालक 'घेऊन जा' म्हणाला, तेवढ्याने भागत नाही. कर्जावर घेतलेलं यंत्र बँकेकडे तारण असू शकतं. कर्ज फिटल्याचं पत्र आणि सहीचं दानपत्र हाती आल्यावरच क्रेन बोलावली.

हलवण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढले, चकची (फिरणारा तुकडा पकडणाऱ्या जबड्याची) चावी कुठल्या खिळ्याला टांगली होती तेही. टर्नरच्या, म्हणजे लेथ चालवणाऱ्या कामगाराच्या, पायाखालची फळी मागून घेतली. ती भंगारवाल्याने चुलीत घातली असती, पण माणूस नेमका कुठे उभा राहायचा ते तिच्यावरच्या दोन खळग्यांत दिसतं.

लेथचं वजन हेडस्टॉककडे, म्हणजे चक फिरवणाऱ्या टोकाकडे, जास्त. म्हणून कॅरेज (हत्यार धरून सरकणारा भाग) आणि टेलस्टॉक (तुकड्याला समोरून आधार देणारा भाग) दुसऱ्या टोकाला सरकवून घट्ट केले, मग तोल साधला. क्रेनचा पट्टा बेडखालून, म्हणजे लेथच्या लांब पायाखालून, घ्यायचा आणि मध्ये लाकडी ठोकळे द्यायचे. नाहीतर दाब लीडस्क्रूवर, म्हणजे कॅरेज सरकवणाऱ्या लांब आट्यांच्या दांड्यावर, येतो आणि तो वाकतो.

खरी नासधूस होते ती साफसफाईत. ग्राइंडर फिरवला, वरून हिरवा रंग मारला की झाला लेथ शोरूमचा! आम्ही घट्ट झालेलं ग्रीस लाकडी पट्टीने खरवडलं आणि उरलेलं रॉकेलच्या फडक्याने पुसलं. बेड चकजवळ जास्त झिजलेला असतो, कारण आखूड तुकड्यांची कामं तिथेच होतात. ती झीज घासून सपाट करायची नाही. रॉकेल उडालं की लोखंड उघडं पडतं, म्हणून त्याच दिवशी मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा (संग्रहालयात वापरतात त्या संरक्षक मेणाचा) पातळ हात द्यायचा. पावसाळी हवेत मागची बाजू उद्यावर ढकलली, तर सकाळी तिच्यावर तांबूस गंज आला होता.

लेथबरोबर पितळी बिल्ल्यांची डबी आली. स्टोअरमधून हत्यार घेताना कामगाराने आपला बिल्ला खुंटीला अडकवायचा आणि हत्यार परत केलं की सोडवून न्यायचा. मदतीला आलेल्या एकाने समई घासावी तसे दोन बिल्ले चिंच-मिठाने लखलखीत केले. आंबटाने पितळातलं जस्त सुटतं, वर लालसर छटा येते. घासण्याने ठोकलेले आकडेही बोथट झाले. बाकीचे डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने धुतले, लगेच कोरडे केले. बिघडलेले दोन ठेवले आहेत, नोंदवहीत कारणासकट.

नोंदणी क्रमांक थेट धातूवर लिहायचा नाही. ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक राळेचा एक हात, तो वाळल्यावर काळ्या शाईने आकडा, वर पुन्हा एक हात. पुढे काढावा लागला तर ॲसिटोनने निघतो. लेथवर तो टेलस्टॉकच्या मागे घातला. बिल्ल्यांना सुती दोऱ्याने चिठ्ठ्या बांधल्या. रबरबँड मुळीच नको, त्यातल्या गंधकाने पितळ काळं पडतं.