काळी बाटली, साधी बाटली
आज पहाटेपासून तळ्यावर. एकाच खोलीवरचं पाणी तीन बाटल्यांत भरलं, एकीतला ऑक्सिजन लगेच मोजला आणि बाकी दोन, एक साधी काचेची, एक काळी टेप गुंडाळलेली, दोरीला बांधून परत तेवढ्याच खोल सोडल्या नि चार तासांनी वर काढल्या. काळीत नुसतं श्वसन, साधीत श्वसन आणि प्रकाशसंश्लेषण दोन्ही, म्हणजे दोघींतला फरक हा पाण्यातल्या शेवाळाने बनवलेला एकूण ऑक्सिजन. १९५२ मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ स्टीमन नील्सननी प्रकाशसंश्लेषण मोजायला किरणोत्सारी कार्बन-१४ ची पद्धत आणली, ती जास्त सेन्सिटिव्ह आहे हे मान्य, पण मला ही बाटल्यांचीच जवळची वाटते. ऑक्सिजन मोजायच्या टायट्रेशनमध्ये, म्हणजे थेंबाथेंबाने रसायन घालत जाताना, शेवटच्या एका थेंबाला निळा रंग झटकन जातो ना, तेव्हा अजूनही अंगावर काटा येतो! उद्या ढग असले तरी परत जाणार, कमी उजेडातलं रीडिंग हवंच आहे.