ग्रिनिचला शून्य रेखांश दोन ठिकाणी आहे

लंडनमधल्या ग्रिनिचच्या वेधशाळेच्या अंगणात शून्य रेखांश दाखवणारी पोलादी पट्टी आहे. तिच्या दोन बाजूंना पाय ठेवून लोक फोटो काढतात : एक पाय पूर्व गोलार्धात, एक पश्चिमेत. मीही उभा राहिलो आणि फोनवर अक्षांश-रेखांश उघडले. रेखांश दिसला ०°०′५″ पश्चिम. फोन बिघडलेला नव्हता. पट्टीही चुकीच्या जागी नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि रेखांश म्हणजे नेमकं काय हे त्या पाच सेकंदांच्या फरकात जितकं स्पष्ट कळतं तितकं पृथ्वीगोलावर बोट फिरवून कळत नाही.

आधी ते अंतर मोजून घेऊ. अक्षांशाचा १ अंश कुठेही साधारण १११ किमी असतो. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तावरच १११ किमी असतो. ध्रुवांकडे जाताना तो आक्रसत जातो, कारण सगळी रेखावृत्तं तिथे एकत्र येतात. ग्रिनिचच्या अक्षांशावर तो सुमारे ६९.५ किमी भरतो. अंशाची ६० मिनिटं, मिनिटाचे ६० सेकंद, म्हणून त्याला ३६०० ने भागा : १ सेकंद म्हणजे १९.३ मीटर. पट्टीवरचं नेमकं अंतर ५.३ सेकंद आहे, म्हणजे १०२ मीटर. अंगणातून बाहेर पडून बागेत पूर्वेकडे चालत गेलो तेव्हा हिरवळीवर, पायवाटेलगत, आकडे शून्यावर आले आणि पश्चिमेऐवजी पूर्व दिसू लागलं.

हा प्रयोग करायचा तर फोन उघड्यावर धरून दोन-तीन मिनिटं स्थिर उभं राहा. वेधशाळेच्या भिंतीजवळ उपग्रहांचे संकेत भिंतीवर आपटून येतात, त्यामुळे जागा १०-२० मीटर सहज सरकते. मोकळ्यावरही ५ मीटरची चूक धरूनच चालायचं. दशांश रूपात पट्टीवर −०.००१४७ च्या आसपास आकडा येतो. त्यातलं उणे चिन्ह उतरवून घ्यायला विसरलात तर इथे जागा दोनशे मीटर हलते, दुसरीकडे कुठे असाल तर थेट पलीकडच्या गोलार्धात. सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक वेगळीच आहे. वेधशाळेचा अक्षांश ५१.४७७८ आहे, तो लोक ५१ अंश ४७ मिनिटं असा वाचतात. अंशाचे भाग साठ. म्हणून ०.४७७८ ला ६० ने गुणा : २८.६७, म्हणजे २८ मिनिटं, उरलेल्या ०.६७ ला पुन्हा ६० ने गुणा, ४० सेकंद. उत्तर ५१°२८′४०″ उत्तर. ४७ मिनिटं धरली तर तुम्ही पस्तीसेक किलोमीटर उत्तरेला जाऊन पोचाल.

आता १०२ मीटरचं कारण. अंगणातली रेषा वेधशाळेचे तेव्हाचे प्रमुख जॉर्ज एअरी यांच्या दुर्बिणीतून जाते. १८५१ पासून वापरात आलेली ही दुर्बीण फक्त उत्तर-दक्षिण पातळीत वरखाली फिरते. तारा त्या पातळीवर आला की वेळ नोंदवायची. दुर्बीण ‘सरळ वर’ कधी असते हे ठरवायला पाऱ्याचं ताट वापरत, कारण पाऱ्याचा पृष्ठभाग गुरुत्वाकर्षणाला बरोबर काटकोनात राहतो. पण गुरुत्वाची दिशा हुबेहूब पृथ्वीच्या केंद्राकडे नसते. जमिनीखालचं वस्तुमान सगळीकडे सारखं पसरलेलं नसल्याने ओळंबा किंचित कलतो. उपग्रहांच्या पद्धतीत शून्याची पातळी पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्रातून जाते. एअरींची पातळी तिला जवळजवळ समांतर आहे, त्याच ताऱ्यांकडे रोखलेली आहे, पण केंद्राच्या सुमारे १०२ मीटर बाजूने जाते. दिशा तीच राहिल्यामुळे पद्धत बदलताना जगाची घड्याळं बदलावी लागली नाहीत.

आणि रेषा दोनच नाहीत. एअरींच्या आधी जेम्स ब्रॅडली यांची दुर्बीण होती. तिची रेषा सुमारे ६ मीटर पश्चिमेला आहे आणि ब्रिटनच्या सरकारी सर्वेक्षणाचे नकाशे त्याच रेषेवर बेतलेले आहेत. अक्षांशाबाबत असं काही होत नाही. पृथ्वी फिरते म्हणून तिला अक्ष आहे, अक्ष आहे म्हणून ध्रुव आणि विषुववृत्त आहेत. शून्य अक्षांश निसर्गाने दिला. शून्य रेखांश माणसांना ठरवावा लागला.

त्यासाठी १८८४ मध्ये वॉशिंग्टनला २५ देशांचे प्रतिनिधी जमले. २२ मतं ग्रिनिचला पडली, सान डोमिंगोचं (आजचं डोमिनिकन प्रजासत्ताक) एक विरोधात गेलं, फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ राहिले. फ्रान्सने १९११ मध्ये कायदा केला तोसुद्धा ग्रिनिचचं नाव न घेता : पॅरिसची सरासरी वेळ, ९ मिनिटं २१ सेकंद मागे केलेली. पॅरिसचा रेखांश २°२०′१४″ पूर्व आहे. त्याला ४ ने गुणून बघा, तोच आकडा येतो.

चारनेच का? पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. तासाला १५ अंश, म्हणजे १ अंशाला ४ मिनिटं. पाठ करायची गोष्ट एवढी एकच, बाकी सगळं तिच्यातून निघतं. वेधशाळेखालच्या बागेत ते काठी आणि सावली घेऊन तपासता येतं. मी गेलो तो दिवस मुद्दाम निवडलेला होता : २२ सप्टेंबर, शरद संपात. सूर्य विषुववृत्तावर असतो, त्यामुळे मध्यान्हीची सावली भागिले काठीची उंची हा थेट अक्षांशाचा टॅन्जंट असतो. इतर दिवशी सूर्याची क्रांती, म्हणजे तो विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते, तक्त्यातून घेऊन मिळवावी किंवा वजा करावी लागते.

बागेत जमिनीत काही रोवू नका. कॅमेऱ्याच्या तिपाईला बरोबर १ मीटर उंचीवर टोक येईल अशी काठी बांधा, ओळंब्याने सरळ करा, सपाट जागा पाहा. टेकडीच्या उतारावर हा प्रयोग फसतोच. सर्वांत आखूड सावली १२६ सेंमी आली. १.२६ चा कोन ५१.५६ अंश, खरा अक्षांश ५१.४८. नऊ किलोमीटरची चूक. सावलीत १ सेंमी चुकलं की अक्षांश सुमारे २५ किमीने चुकतो, आणि सूर्यबिंब अर्ध्या अंशाचं असल्याने सावलीचं टोक धूसरच असतं. म्हणून या उत्तरावर मी समाधानी आहे.

रेखांशासाठी मध्यान्हीची वेळ हवी. ‘सावली सर्वांत आखूड कधी’ हे नुसतं बघत बसू नका; मध्यान्हीच्या आसपास लांबी बदलतच नाही म्हटलं तरी चालेल, आणि पाच-दहा मिनिटांची चूक सहज होते. त्याऐवजी मध्यान्हीच्या आधीच एका सावलीच्या लांबीएवढी दोरी धरून तिपाईभोवती कंस आखा. मला टोक कंसावर मिळालं १२:१० ला आणि पुन्हा १:३५ ला. मधली वेळ १२:५२:३०. ब्रिटनमध्ये उन्हाळी वेळेत घड्याळं एक तास पुढे असतात; तो तास काढला की ११:५२:३०.

बारा का नाही वाजले? पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि अक्ष कललेला, त्यामुळे सूर्याची दुपार घड्याळाच्या दुपारीपेक्षा फेब्रुवारीत १४ मिनिटांपर्यंत उशिरा आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ मिनिटांहून जास्त आधी येते. त्या दिवशी हा फरक सव्वासात मिनिटांचा होता. म्हणजे शून्य रेखांशावर ११:५२:४५ ला मध्यान्ह अपेक्षित. माझी १५ सेकंद आधी आली, म्हणून माझी जागा रेखांशाची पावणेचार मिनिटं पूर्वेला निघाली. सव्वाचार किलोमीटर, केवळ १५ सेकंदांपायी.

समुद्रावर हीच अडचण जीवघेणी होती. अक्षांश सूर्यावरून मिळे; रेखांशासाठी मात्र ज्या बंदरातून निघालो तिथली वेळ डोलत्या जहाजावर जपावी लागे. १७१४ मध्ये ब्रिटिश संसदेने अर्ध्या अंशात रेखांश सांगणाऱ्याला २०,००० पौंड जाहीर केले. अर्धा अंश म्हणजे २ मिनिटं, म्हणजे सहा आठवड्यांच्या सफरीत घड्याळ दिवसाला तीन सेकंदही चुकता कामा नये. घड्याळजी जॉन हॅरिसन यांनी यासाठी बनवलेली चारही घड्याळं वेधशाळेत आहेत. पहिली तीन चालू असतात, चौथं थांबवून ठेवलं आहे. ते मोठ्या खिशातल्या घड्याळासारखं दिसतं आणि जमैकाच्या प्रवासात ८१ दिवसांत ५ सेकंद मागे पडलं. सगळ्या वेधशाळेत वेळ काढून उभं राहावं असं ठिकाण हे.

छपरावरचा लाल गोळा १२:५५ ला अर्धा चढतो, १२:५८ ला टोकाला जातो आणि बरोबर एकला पडतो. थेम्सवरची जहाजं १८३३ पासून त्यावर घड्याळं लावत. आता तो उन्हाळ्यात उन्हाळी वेळेने पडतो. फाटकाजवळचं शेफर्डचं घड्याळ मात्र वर्षभर ग्रिनिच वेळच दाखवतं. त्यावर २४ तास आहेत आणि दुपारचे बारा तळाशी, म्हणून घाईत वाचणारा हमखास चुकतो.

प्रमाण वेळेचे पट्टे १५ अंशांचे असायला हवेत, ग्रिनिचचा ७.५° पश्चिम ते ७.५° पूर्व. प्रत्यक्षात स्पेन जवळजवळ पूर्ण या पट्ट्यात असून एक तास पुढे आहे. चीन साठ अंशांहून रुंद असून तिथे एकच वेळ. भारताची ८२°३०′ × ४ = ३३० मिनिटं, साडेपाच तास; नेपाळची पावणेसहा. किरिबाटीने १९९५ मध्ये वाररेषा पूर्वेकडे वळवून घेतली. म्हणून दोन देशांची वेळ थेट एकमेकांतून वजा करू नका. आधी जागतिक वेळेवर या, मग तिथून पुढे जा आणि तारीख शेवटी बघा.

त्या दुपारी गोळा पडला तेव्हा शेफर्डच्या घड्याळात काटा तळाशी, बारावर होता. होनोलुलू आणि किरिबाटीचं किरितिमाती बेट दोन्ही १५७ अंश पश्चिमेच्या जवळपास आहेत. एक उणे १० तास, दुसरं अधिक १४. दोन्हीकडे पहाटेचे दोन वाजले होते. होनोलुलूत २२ सप्टेंबर, किरितिमातीवर २३.